एक लिफ्ट, तीन कोटेशनं

सरांनी आयुष्यात फारशी बेजबाबदार विधानं केलेली नाहीत. वर्गात ते 'साधारणपणे', 'बहुतेक वेळा' आणि 'अपवाद वगळता' यांतलं काहीतरी जोडल्याशिवाय दोन अधिक दोन चारसुद्धा म्हणत नाहीत. घरी भाजी कशी झालीय, या प्रश्नालाही "तुलनेने बरी" असं उत्तर देतात आणि मग कशाच्या तुलनेने हे समजावून सांगेपर्यंत ताट गार होतं. असा माणूस एका मंगळवारी दुपारी, कुणी गळ घातलेली नसताना, चहासुद्धा झालेला नसताना, "तिकिटाचं मी बघतो" असं म्हणून बसला. एकदा म्हटल्यावर मागे कसं घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण अशी वेळच कधी आली नव्हती.

झालं होतं असं. संगणक विभागातल्या सरांच्या खोलीच्या दारात मौनी उभी होती. मौनी हे काही तिचं खरं नाव नाही, पण हजेरीपटाखेरीज तिचं खरं नाव कुठेच वापरात नव्हतं. तीन वर्षांत ती वर्गात "हो सर", "नाही सर" आणि एकदा "सर, पंखा" एवढंच बोलली होती. 'सर, पंखा' म्हटल्यावर दुसऱ्याच मिनिटाला तो पंखा खाली आला होता, त्यामुळे तिच्या बोलण्याला वर्गात वजन होतं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. लॅपटॉप उघडा धरून आत आली आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला, पत्र दोनदा वाचलं आणि उठून उभे राहिले. मौनीचा पेपर परदेशातल्या एका मोठ्या कॉन्फरन्सने स्वीकारला होता. संगणकशास्त्रात अशा ठिकाणी पेपर लागणं म्हणजे काय, हे सांगायला गेलं तर सर पाऊण तास घेतील. थोडक्यात सांगायचं तर त्या महाविद्यालयातून आजवर कुणीच तिथे जाऊन पेपर मांडला नव्हता, सरांनीही नाही. अट एकच होती. लिहिणाऱ्याने स्वतः येऊन पेपर मांडायचा. कुणी येणार असल्याचं चार आठवड्यांत कळवलं नाही, तर पेपर यादीतून बाद.

"जाता येणार नाही, सर," मौनी म्हणाली. तिचं आजवरचं हे सर्वांत लांब वाक्य. ते ऐकून सरांना काय झालं कोण जाणे. त्यांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

आता या पेपरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातूनच घडलं. पेपर होता लिफ्टवर, आणि लिफ्ट होती खुद्द सरांच्या इमारतीतली. मौनीचे वडील लिफ्टचे मेकॅनिक. सरांच्या इमारतीतली ती पाच मजल्यांची म्हातारी लिफ्ट दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेच तपासायचे. मौनीने सोसायटीची रीतसर परवानगी घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत साबणाच्या डबीएवढं एक यंत्र बसवलं आणि सहा महिने लिफ्टची नाडी मोजली. कुठल्या मजल्यावरून, कोणत्या सेकंदाला, कुणीकडे. प्रश्न एवढाच, की लिफ्ट कुणालाच नको असते तेव्हा तिने कुठे उभं राहावं? आपल्याला वाटतं, सोडली तिथे उभी राहते, राहू दे. मौनीला तसं वाटलं नाही. सकाळी चौथ्यावर आणि संध्याकाळी तळाला उभी राहिली, तर माणसाचं वाट बघणं बावन्न सेकंदांवरून एकतीसवर येतं, असं तिने दाखवून दिलं. एकवीस सेकंद. सर म्हणायचे, कुणाच्या आयुष्यातले एकवीस सेकंद वाचवणं ही साधी गोष्ट नव्हे, साधारणपणे.

घरी सरांनी बातमी दिली. बाई, म्हणजे सरांची पत्नी, टपाल कार्यालयात खिडकीवर बसतात. दिवसभर लोक त्यांना अर्धवट माहिती देतात आणि पूर्ण काम मागतात, त्यामुळे माणसाच्या वाक्यातलं भोक त्यांना लगेच दिसतं.

"किती आहे तिकीट?"

"ते अजून बघितलेलं नाही."

"मग 'बघतो' म्हणालात ते नक्की काय?"

सरांनी बघितलं. बघून पाणी प्यायले.

"अहो, त्या लोकांना काय, सगळी पोरं श्रीमंतांचीच येतात असं वाटतं का?" बाई म्हणाल्या. "विद्यार्थ्यांसाठी काहीतरी सोय असेल. सगळीकडे असते. फक्त ती खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते."

होती. अगदी खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत. विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी कॉन्फरन्सचा वेगळा निधी होता आणि अर्जाला चार दिवस उरले होते. सोबत मार्गदर्शकाचं पत्र हवं. सरांनी ते रात्रीचं जेवण बाजूला सारून लिहिलं. सहा परिच्छेद झाले, त्यांतले पहिले तीन उद्वाहन यंत्राच्या इतिहासावर. बाईंनी लाल पेन घेतलं आणि शेवटी तीनच वाक्यं उरली. मुलगी हुशार आहे. काम तिचं स्वतःचं आहे. पैशांवाचून ती येऊ शकणार नाही.

"निदान 'हुशार'च्या आधी 'तुलनेने' तरी..."

"नाही."

आठवड्याने उत्तर आलं. प्रवेशशुल्क माफ, राहण्याची सोय मोफत, आणि तिकिटाचे पैसेही देऊ. पण ते प्रवास करून आल्यावर, पावत्या पाहून. म्हणजे आधी जायचं, मग पैसे; आणि पैसे नाहीत म्हणून तर जाता येत नव्हतं. घोडं नेमकं तिकिटापाशी येऊन अडलं.

सर मग महाविद्यालयाच्या लेखाविभागात गेले. तिथे लेखाधिकारीबाई बसत. त्यांच्या टेबलावर एक छोटा कॅक्टस होता आणि सर नेहमी त्या कॅक्टसकडे बघूनच बोलायचे, कारण तो तुलनेने मवाळ वाटे.

"विद्यार्थ्यांचा प्रवास 'शैक्षणिक सहल' या खात्यात बसतो," लेखाधिकारीबाई म्हणाल्या. "सहलीला कमीत कमी चाळीस विद्यार्थी लागतात. सोबत दोन शिक्षिका. आणि प्रथमोपचाराची पेटी."

"पण ही एकटीच जाणार आहे."

"मग सहल कशी म्हणता?"

"मी सहल म्हणतच नाहीये!"

"मग माझ्याकडे कशाला आलात?" त्यांनी विचारलं, आणि सर मदतीसाठी कॅक्टसकडे बघू लागले. त्यांची ती अवस्था बघून लेखाधिकारीबाईंनाच दया आली. त्यांनी दुसरी फाईल काढली. "हे बघा सर, 'किरकोळ खरेदी'मधून काही करता येईल. पण खरेदी म्हटलं की तीन कोटेशनं लागतात."

"कसली?"

"कॉन्फरन्सची. तीन ठिकाणचे दर मागवा. सर्वांत कमी दर असेल ती मंजूर."

ही काही बादल्यांची खरेदी नव्हे, पेपर एकाच ठिकाणी स्वीकारला गेलाय, हे सरांनी तीन प्रकारे समजावलं. लेखाधिकारीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण एकाच दुकानातून का घेताय, असं ऑडिटवाल्याने विचारलं तर मी काय सांगू?"

सर तत्त्वाचे माणूस आहेत, पण तत्त्वाच्या माणसालाही चार आठवड्यांची मुदत असते. त्यांनी आणखी दोन कॉन्फरन्सना पत्र धाडलं. एका नावाजलेल्या कॉन्फरन्सने भलंमोठं दरपत्रक पाठवलं. दुसरीचं नाव सरांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिचं उत्तर अकरा मिनिटांत आलं. 'प्रिय प्राध्यापक लिफ्ट, आपला अमूल्य पेपर आम्ही आनंदाने स्वीकारत आहोत.' पेपर सरांनी पाठवलाच नव्हता; पत्राच्या विषयात फक्त 'लिफ्ट' लिहिलं होतं. या कॉन्फरन्सचा विषय होता 'संगणक, मत्स्यपालन आणि इतर शास्त्रे', आणि दर सर्वांत कमी होता.

पुढे काय झालं हे चाणाक्ष माणसाच्या ध्यानात आलं असेल. सरांच्या आलं नाही. नऊ दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते आनंदाने बाईंना वाचून दाखवायला सुरुवात केली आणि दुसरी ओळ तीनदा वाचली. महाविद्यालयाने मौनीला मत्स्यपालनाच्या कॉन्फरन्सला जाण्याची परवानगी दिली होती. पैसे फक्त प्रवेशशुल्काचे. तिकिटाचा खर्च, पत्रात म्हटलं होतं, प्रवासाच्या खात्यातून मागावा. त्यासाठी सहलीचा अर्ज जोडावा.

प्राचार्य मात्र मनापासून खूश झाले. प्रसिद्धीच्या खात्यात पैसे पडून होते, ते संपवायचेच होते. दुसऱ्या दिवशी फाटकावर मोठा फलक लागला. त्यावर प्राचार्यांचा फोटो होता, त्याच्या अर्ध्या आकाराचा सरांचा, आणि अगदी कोपऱ्यात मौनीचं आणि तिच्या लिफ्टवरच्या पेपरचं नाव. फलकाला आलेला खर्च सरांना योगायोगाने कळला. तेवढ्यात मौनी तिकडे पोहोचली असती. परतली नसती, पण पोहोचली असती.

तिकडे 'प्रिय प्राध्यापक लिफ्ट' अशी पत्रं आता रोज दोन येऊ लागली.

मुदतीला आठ दिवस राहिले, तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरींना सगळं कळलं. म्हणजे सरांनी सांगितलं नाही. त्यांनी फलक वाचला आणि तिकिटाचं बाईंकडून काढून घेतलं. सेक्रेटरी उत्साही माणूस. इमारतीत नळाचं चक्र बदललं तरी ते सभा घेतात.

"सर! आपली लिफ्ट जगात चाललीय आणि तुम्ही गप्प? सगळ्यांनी मिळून तिकीट काढू. मी सभा लावतो."

"नको, नको, सभा नको," सर कळवळून म्हणाले. त्यांना आपल्या शब्दासाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरणं अगदी जिवावर आलं होतं. पण सूचना तोवर लिफ्टमध्येच चिकटवून झाली होती.

मधल्या दोन दिवसांत सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. तिकडे थंडी फार, दोन स्वेटर द्या. स्वेटर कसले देताय, तिकडे सगळीकडे आतून गरम असतं. विमानात खिडकीशेजारी बसवू नका, घाबरेल. खिडकीशेजारीच बसवा, एरवी काय बघणार? पाचव्या मजल्यावरच्या मावशींनी तर आपल्या मुलीसाठी चार किलोंचं पुडकं बांधूनच आणलं. त्यांची मुलगी त्याच देशात राहते हे खरं, पण कॉन्फरन्सपासून चौदाशे किलोमीटर लांब, हे सरांनी नकाशा काढून दाखवलं.

"देश एकच आहे ना?" मावशी म्हणाल्या.

सभा तळमजल्यावर, टपालपेट्यांसमोरच्या मोकळ्या जागेत भरली. सेक्रेटरींनी प्रास्ताविक केलं. टाळ्या पडल्या. मग तळमजल्यावरचे वकीलसाहेब उठले आणि सगळ्यांनी मनातल्या मनात खुर्च्या सावरल्या.

वकीलसाहेब निवृत्त, एकटे राहणारे, आणि लिफ्टच्या बाबतीत त्यांची भूमिका जगजाहीर. नऊ वर्षं त्यांनी लिफ्टच्या देखभालीचा एक पैसा दिला नव्हता. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्ट लागत नाही. लागत नाही त्या वस्तूचे पैसे का द्यावेत?

"मुलीबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले. "पण निबंध लिफ्टवर आहे, आणि लिफ्टशी माझा संबंध नाही. तस्मात या निधीशीही नाही. आणि सोसायटीच्या पैशाला हात लावायचा असेल तर माझी लेखी हरकत नोंदवावी."

एकच गलका झाला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, निबंधात काय आहे ते तरी ऐका!" आणि त्यांनी खिशातून घड्या घातलेला पेपर काढला. तो त्यांच्याकडे कसा आला हे सरांना कळेना.

"तो नका वाचू," सर घाईघाईने उठले. "म्हणजे तांत्रिक आहे. कंटाळवाणा. विशेषतः चौथा तक्ता."

चौथा तक्ता कुठला ते सेक्रेटरींना तोवर माहीत नव्हतं. आता त्यांनी तोच उघडला. मौनीने कुणाचंही नाव लिहिलं नव्हतं, घराचा क्रमांकही नाही; नुसत्या वेळा आणि मजले. सेक्रेटरी एकेक ओळ मोठ्याने वाचून तिचा अर्थ लावू लागले. "'रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तळमजला ते पाचवा मजला. पंचवीस मिनिटांनी पाचवा मजला ते तळमजला. सहा महिन्यांत खंड फक्त दोन दिवस.' हा कोण बुवा? पेपरवाला?"

"पेपरवाला सातला येतो," मावशी म्हणाल्या.

"दूधवाला?"

"फाटक साडेसहाला उघडतं," वॉचमन मागून म्हणाला. "त्याच्या आधी बाहेरचा माणूस आत येऊच शकत नाही."

तळमजल्यावर दोनच दारं आहेत. एक विजेच्या मीटरच्या खोलीचं.

सगळी सभा हळूहळू दुसऱ्या दाराच्या मालकाकडे वळली. वकीलसाहेब उभेच होते. आयुष्यभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेतलेला माणूस, आणि त्याला अडकवलं कुणी, तर साबणाच्या डबीने. सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी आयुष्यात कुणाला असं चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं.

"खाली रेंज येत नाही," वकीलसाहेब शेवटी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मुलगा तिकडे असतो. त्याचं काम संपतं तेव्हा आपल्याकडे सहा वाजतात. गच्चीवर स्पष्ट ऐकू येतं. जिना चढवत नाही, गुडघे..." मग त्यांना आपण वकील असल्याचं आठवलं असावं. "सबब, वापर झालेला आहे. नाकारत नाही."

कुणी हसलं नाही. बाईंनीच कोंडी फोडली. त्या सहज म्हणाल्या, "म्हणजे मग सहा वाजून दहाला लिफ्ट तळाला उभी हवी. सर, हे बघा हं त्या गणितात."

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी नऊ वर्षांचा लिफ्टचा हिशोब स्वतःच्या हाताने मांडून सेक्रेटरींच्या दारात आणून दिला. व्याज मात्र देणार नाही, खाली टीप होती, कारण मागणी लेखी आलेली नव्हती. ती रक्कम आणि बाकीच्यांनी घातलेली भर मिळून तिकीट होत होतं. सरांनी त्या दिवशी भाजी नुसतीच 'छान' म्हटली. बाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि मग शनिवार आला. महिन्याचा पहिला.

सकाळी आठ वाजता सरांच्या दाराची घंटा वाजली. दारात मेकॅनिक. सर हसतमुखाने "या, या" म्हणाले. मेकॅनिक आत आले नाहीत.

"सर, खाली वॉचमन सांगत होता, माझ्या मुलीसाठी वर्गणी काढलीय म्हणून."

"अहो, वर्गणी म्हणजे... तुलनेने लहान रक्कम आहे," सर म्हणाले. म्हणताक्षणी त्यांना कळलं की जगातलं सर्वांत चुकीचं वाक्य आपण शोधून काढलंय.

"मी वीस वर्षं या इमारतीत येतोय. कधी चहा सोडून काही घेतलं नाही." मेकॅनिकनी पिशवी खांद्यावर नीट केली. "तिला नाही जायचं, सर. कळवून टाका." आणि ते जिना चढून वर गेले. लिफ्टने नाही.

सरांनी दार तसंच उघडं टाकलं. मग पायांत बाईंच्या चपला घालून तेही जिन्याने निघाले. चौथ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, गच्चीवर पोहोचले तेव्हा बोलता येत नव्हतं, आणि मशीनची खोली त्याच्याही वर, लोखंडी शिडीने जायची. सरांना उंची सोसत नाही. ते खडू घेऊन स्टुलावर चढले तरी भिंत धरतात. तरीही ते आठ पायऱ्या चढले, नवव्या पायरीवर डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलू लागले.

"मला बोलता येत नाही नीट, हे खरंय. पण मी तिच्यावर उपकार करत नाहीये हो. माझाच एक पेपर लागला होता. बावीस वर्षांपूर्वी. महाविद्यालयाने अभिनंदनाचं पत्र दिलं, तिकीट कुणी दिलं नाही. मी कुणाला मागितलंही नाही. तो पेपर माझ्या कपाटात आहे. तिचा कपाटात जाऊ नये, एवढंच."

आतून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पैशाचं नंतर, सर," मेकॅनिक म्हणाले. ते दारात येऊन खाली बसले होते. "ती घरीसुद्धा बोलत नाही. जेवायला वाढ असंही म्हणत नाही, ताट पुढे करते. तिकडे एवढ्या मोठ्या लोकांपुढे उभी राहील आणि तोंडातून शब्द फुटला नाही, तर? लोक हसले, तर? मी इथे बसून काय करू?"

सरांनी शिडीचा दांडा आणखी घट्ट धरला. तीच धास्ती त्यांनाही महिनाभर खात होती.

"वर्गणी हा शब्दच चुकीचा आहे," खालून आवाज आला. गच्चीच्या कोपऱ्यात, आता राजरोसपणे आणलेल्या खुर्चीत, वकीलसाहेब फोन हातात घेऊन बसले होते. मुलाशी बोलून दीड तास झाला होता. पण हक्काने वर येऊन बसण्याची चैन ते भोगत होते. "सोसायटीला लिफ्ट सुधारून हवी आहे. गणित तुमच्या मुलीचं. बसवणार तुम्ही. बाहेरच्या कंपनीने याचे किती लावले असते? तो मोबदला आहे. करार मी करतो. आणि मोबदल्याचं माणूस काय करतं, हे विचारायचा सोसायटीला अधिकार नाही. विमानाने जावो, नाहीतर चालत."

मेकॅनिकनी विचार केला. मग विचारलं, "बोलता आलं नाही तर पैसे परत मागाल?"

"करारात बोलण्याचं कलम नाही," वकीलसाहेब म्हणाले.

मेकॅनिक खाली वाकून हसले. सरांनी डोळे उघडले, आपण कुठे उभे आहोत ते पाहिलं आणि पुन्हा मिटले. त्यांना खाली उतरवायला वीस मिनिटं लागली. एकेक पाय मेकॅनिकनी धरून पुढच्या पायरीवर ठेवला.

तिकीट निघालं, मुदतीच्या आदल्या दिवशी कॉन्फरन्सला कळवून झालं. उरला व्हिसा. त्यासाठी महाविद्यालयाचं पत्र लागतं आणि महाविद्यालयाने ते फाईल पाहून दिलं: मत्स्यपालन. बदलून घ्यायचं तर नवा अर्ज, नवी तीन कोटेशनं. मौनी आहे तेच पत्र घेऊन मुलाखतीला गेली. सर बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात अडीच तास येरझाऱ्या घालत होते. ती आली तेव्हा त्यांना विचारायचाही धीर होईना.

"मासे विचारले," मौनी म्हणाली.

"मग?"

"लिफ्ट सांगितली."

"मग?"

"त्यांच्याकडची पण हळू आहे." तिने शिक्का दाखवला.

मौनी गेली. मावशींचं पुडकं वजनात बसलं नाही. ते सरांच्या घरी राहिलं आणि आजही आहे.

तिचं व्याख्यान रविवारी दुपारी होतं आणि थेट दिसणार होतं. सेक्रेटरींनी सरांच्या दिवाणखान्यात मोठा पडदा लावला. अकरा जण सोफ्यावर, सोफा चौघांचा. वकीलसाहेब पहिल्यांदाच लिफ्टचं बटण सगळ्यांदेखत दाबून वर आले. मेकॅनिक उशिरा आले आणि कितीही म्हटलं तरी बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

पडद्यावर मौनी दिसली. व्यासपीठ मोठं, ती लहान. तिने तोंड उघडलं आणि काहीच ऐकू आलं नाही. सरांनी आवाजाचं बटण दोनदा दाबलं. एक सेकंद, दोन, पाच. मावशींनी डोळे मिटून घेतले. मग तिकडचा कुणीतरी माणूस धावत आला, तिच्या कॉलरचा माईक सुरू केला, आणि ती मधूनच ऐकू येऊ लागली. ती केव्हाची बोलत होती.

पंधरा मिनिटं ती बोलली. हळू, पण न थांबता. दिवाणखान्यात कुणालाही फारसं कळलं नाही, पण तक्ते आले की लोक ओरडत, "हा आपला तिसरा मजला!" मशीनच्या खोलीचा फोटो आला तेव्हा भिंतीचा रंग आपला की नाही यावर सेक्रेटरी आणि मावशी यांच्यात जुंपली. शेवटी एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी काहीतरी लांबलचक विचारलं. मौनी गप्प राहिली. सर अर्धे उठले. मग तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं, त्या बाई हसून मान डोलावत खाली बसल्या आणि टाळ्या वाजल्या. इकडे तर एवढ्या वाजल्या की तिकडच्या ऐकूच आल्या नाहीत.

हळूहळू सगळे गेले. बाई कप गोळा करत होत्या. मेकॅनिक अजून दारातच होते.

"सर, त्या बाईंनी काय विचारलं?"

"लिफ्ट मध्येच बिघडली तर तुमच्या गणिताचं काय होईल, असं."

"मग ही काय म्हणाली?"

"म्हणाली, आमची बिघडत नाही. माझे वडील बघतात."

मेकॅनिकनी मान हलवली, जणू हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मग ते पडद्याकडे वळले.

"तो मशीनच्या खोलीचा फोटो परत दाखवता येतो का?"

सरांनी मागे नेलं. पुढे गेलं, परत मागे नेलं, थांबवलं. पडद्यावर ती खोली, तारा, मोठं चाक, आणि उजव्या कोपऱ्यात, चाकावर ठेवलेला, मनगटापर्यंतचा एक हात. काळ्या तेलाने माखलेला.

मेकॅनिक दाराची चौकट सोडून आत आले, पडद्यापाशी गेले आणि मग पहिल्यांदाच, मागे न बघता, सोफ्याच्या कडेवर बसले.

"हा माझा आहे," ते म्हणाले. "किती लोक होते तिथे?"

"तीनशे तरी असतील."

"बघा. सांगायचं ना आधी, फोटो काढतेय म्हणून," ते हळूच म्हणाले. "हात धुऊन आलो असतो."